शुक्र, रोजा आणि अंदाज बांधणारा मेंदू

रमजान जवळ आला की फोनवर ठरावीक संदेश फिरू लागतात. सजद्यात कपाळ जमिनीला टेकल्याने मेंदूचा रक्तपुरवठा वाढून स्मरणशक्ती सुधारते, रोज्यामुळे शरीरातले सगळे विष बाहेर पडते, सलग एकवीस दिवस ‘अलहमदुलिल्लाह’ (सर्व स्तुती अल्लाहची) म्हटल्याने मेंदूची रचनाच बदलते, असे त्यांत लिहिलेले असते आणि ‘हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे’ या वाक्याने शेवट होतो. यांतल्या कोणत्याही दाव्यामागे विज्ञान उभे नाही. मेंदूचा रक्तप्रवाह शरीर स्वतःच बराचसा स्थिर राखते आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे वर्षभर करतात. एकवीस दिवसांच्या समजुतीचे मूळ बहुतेकदा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सांगितले जाते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि निरीक्षणाचा नियम झाला. अशा संदेशांचे खरे नुकसान असे की, मुसलमान माणसाच्या रोजच्या जगण्यातल्या शुक्राच्या, म्हणजे कृतज्ञतेच्या, आणि आत्मपरीक्षणाच्या पद्धती, आणि मेंदूविज्ञानाने गेल्या काही दशकांत शोधलेली एक मूलभूत गोष्ट, यांच्यातले खरोखर विलक्षण नाते त्यात झाकले जाते.

शुक्राचे उच्चार या जगण्यात सर्वत्र पसरलेले आहेत. जेवण संपले की अलहमदुलिल्लाह, शिंक आली की अलहमदुलिल्लाह, कोणी खुशाली विचारली तर ‘अल्लाहचा शुक्र आहे’, नमाजेनंतरच्या तस्बीहमध्ये, म्हणजे जपात, तेहतीस वेळा पुन्हा तेच. पण जे इतक्यांदा म्हटले जाते ते जिभेवरच राहण्याचा धोका मोठा असतो, आणि ही अडचण जुन्या विचारवंतांनी नेमकी ओळखली होती. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी शुक्राचे तीन घटक मानले: ज्ञान, त्यातून येणारी मनाची अवस्था आणि त्या अवस्थेतून घडणारी कृती. ज्ञानावर त्यांचा भर इतका आहे की, अन्नाच्या देणगीविषयी लिहिताना ते दाणा, पाणी, माती, नांगराचे लोखंड, ते घडवणारा कारागीर, धान्य वाहून आणणारा व्यापारी, घास चावणारे दात आणि तो गिळणारा घसा अशी कारणांची लांबच लांब साखळी उलगडत जातात. समोरच्या भाकरीबद्दल कृतज्ञ वाटण्यासाठी आधी ती नीट दिसली पाहिजे, ही त्यांची भूमिका आहे. ती आपोआप का दिसत नाही, याचे उत्तर चेतापेशींच्या कामकाजात आहे.

छताच्या पंख्याची घरघर दिवसभर कानांवर पडत असते, पण ती ऐकू येते ती वीज गेल्यावर, म्हणजे ती थांबल्यावर. जे बदलत नाही त्याची बातमी चेतासंस्था देत नाही, हा तिचा जवळपास सार्वत्रिक नियम आहे. १९५० च्या दशकातील प्रयोगांत डोळ्याला विशिष्ट भिंग चिकटवून एखादी प्रतिमा दृष्टिपटलावर एकाच जागी स्थिर ठेवली गेली, तेव्हा काही सेकंदांत ती प्रतिमा दिसेनाशी झाली. एरवी आपले डोळे सतत सूक्ष्मपणे हलत राहतात, म्हणूनच समोरची भिंत आपल्याला दिसत राहते.

सुखाच्या बाबतीत हाच नियम अधिक खोलवर कसा चालतो, हे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून कळले. माकडाच्या मध्यमेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन पाझरणाऱ्या एकेका चेतापेशीजवळ अतिसूक्ष्म तार ठेवून तिचे विद्युत्स्पंद नोंदले जात होते. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशींचे स्पंद एकदम वाढत. मग दर वेळी रसाच्या आधी एक खूण, उदाहरणार्थ दिवा, दाखवायला सुरुवात झाली. काही फेऱ्यांनंतर चित्र पालटले: आता दिवा लागताच पेशी उसळत, आणि प्रत्यक्ष रस तोंडात पडला तेव्हा त्या आपल्या नेहमीच्या संथ गतीनेच चालू राहत. रस तोच होता, तितकाच गोड होता, तरी पेशींच्या लेखी काहीच घडले नव्हते. सर्वांत बोलका भाग यापुढचा आहे. दिवा लागला आणि रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्याच क्षणी पेशींची नेहमीची स्पंदनेही मंदावत. म्हणजे मेंदूकडे केवळ ‘काय येणार’ याचाच नव्हे तर ‘कधी येणार’ याचाही अंदाज तयार होता, आणि या पेशी रसाची नव्हे तर अंदाज आणि वास्तव यांतल्या फरकाची वार्ता देत होत्या. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हे निष्कर्ष गणिती स्वरूपात मांडले: मिळालेल्या बक्षिसातून अपेक्षित बक्षीस वजा केले की जे उरते तो संदेश. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर संदेश धन, कमी मिळाले तर ऋण, आणि अपेक्षेइतकेच मिळाले तर शून्य. डोपामिन म्हणजेच सुख असे मात्र समजू नये. आवडणे आणि हवेसे वाटणे या मेंदूतल्या वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः शिकण्याशी व हवेसे वाटण्याशी आहे. तरीही या वजाबाकीचा परिणाम आपल्या रोजच्या अनुभवावर पडतो. नळाला येणारे पाणी, चालते पाय, सकाळी उठल्यावर शेजारच्या खोलीतून येणारा आईचा आवाज, हे सारे अपेक्षेइतकेच मिळत असल्यामुळे मेंदूच्या हिशेबात शून्य होऊन बसते. यात माणसाचा कृतघ्नपणा नाही; नव्याकडे लक्ष मोकळे राहावे म्हणून झालेली ही रचना आहे.

मग शून्य झालेली गोष्ट पुन्हा जाणवावी कशी? याचे एक उत्तर मानसशास्त्रज्ञ मिंक्युंग कू, टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दिले. आयुष्यात घडलेली एखादी चांगली घटना कशी घडली हे काही जणांनी लिहायचे होते, तर ती कशी घडली नसती हे इतरांनी. गोष्ट नसल्याची कल्पना करणाऱ्यांचे, म्हणजे ती मनातल्या मनात वजा करणाऱ्यांचे, मन अधिक प्रसन्न झाले, आणि हे असे होईल याचा लोकांना आधी अंदाज करता आला नाही. रोजा ही माझ्या मते हीच वजाबाकी आहे, फरक इतकाच की ती कल्पनेत न राहता शरीराने केली जाते. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नही नाही आणि पाणीही नाही, आणि यातले पाणी अधिक महत्त्वाचे, कारण भूक दुपारनंतर थोडी बोथट होते, तहान मात्र वाढतच जाते.

कोकणातल्या एखाद्या गावच्या मशिदीच्या ओसरीवर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेच्या, आधीची पाच मिनिटे पाहावीत. दस्तरखानावर खजूर आणि पाण्याचे पेले मांडलेले असतात, लहान मुले पेल्याच्या काठावर बोट फिरवत बसलेली असतात, आणि बांग होताच खजुराचा तुकडा तोंडात टाकून पेला ओठांना लागतो. त्या पहिल्या घोटाने तहान जवळपास लगेच शमते, वास्तविक त्या पाण्याला आतड्यांतून रक्तात पोहोचायला काही मिनिटे लागणार असतात. उंदरांवरील २०१६ च्या एका संशोधनात असे दिसले की, तहानेची जाणीव निर्माण करणाऱ्या चेतापेशी पाणी पिऊ लागताच, म्हणजे रक्तात काहीही बदल होण्यापूर्वीच, शांत होऊ लागतात. तोंडाकडून आणि घशाकडून आलेल्या खबरीवरून मेंदू पुढे मिळणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधतो आणि तहान आधीच मिटवतो. वर्षाचे अकरा महिने ज्या पेल्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही, तो पेला त्या संध्याकाळी दिसतो, आणि त्यानंतर ओठांवर येणारे अलहमदुलिल्लाह जिभेवरचे राहत नाही.

त्याग आणि आस्वाद यांचे हे नाते धर्माबाहेरही तपासले गेले आहे. जोर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१३ च्या प्रयोगात आठवडाभर चॉकलेट वर्ज्य केलेल्या लोकांनी नंतर ते अधिक आवडीने खाल्ले, तर हवे तितके खाण्याची मुभा असलेल्यांना तो आस्वाद मिळाला नाही. म्हणूनच इफ्तारच्या वेळी तळलेल्या पदार्थांची रास रचण्याची जी रीत शहरांत वाढली आहे, ती मला रोज्याच्या हेतूविरुद्ध वाटते. दिवसभराच्या वजाबाकीने जे कमावले ते अर्ध्या तासाच्या अतिरेकाने घालवण्यात शहाणपण नाही, आणि मधुमेहींच्या बाबतीत तर तो सरळ धोका आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासात, आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटणाऱ्या गोष्टी लिहिणारे विद्यार्थी दहा आठवड्यांनंतर आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. पण सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. कृतज्ञतेचीही सवय होते आणि सवय झाली की तीही शून्याकडे जाते. मग दिवसातून पाच वेळा तेच शब्द म्हणण्याचे काय? माझे उत्तर असे की, मोजणीमुळे कृतज्ञता जागी राहत नाही. ती जागी राहते आशय बदलत राहिल्याने, आणि गझालींची कारणांची साखळी नेमकी तेच काम करते. आज भाकरीमागचा शेतकरी आठवला, उद्या ती गिळणारा घसा आठवला, तर शब्द तोच राहूनही अनुभव नवा होतो. दुसरे असे की, कृतज्ञतेच्या अशा उपायांचा नैराश्यावर आणि चिंतेवर होणारा परिणाम एकत्रित विश्लेषणांत लहानच आढळला आहे. नैराश्याने ग्रासलेल्या सुनेला ‘शुक्र कर, तुला काय कमी आहे’ असे सांगणे, किंवा तिला तावीज-गंड्यासाठी कोणा आमिलकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेणे, हा अन्याय आहे. तिला डॉक्टरची गरज असते, आणि उपचार घेण्याला इस्लामी परंपरेत कधीच मनाई नव्हती.

आत्मसुधारणेकडे वळले की नमाजेच्या वेळांचे महत्त्व ध्यानात येते. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, ‘मी अमुक करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असा संकल्प कितीतरी अधिक वेळा तडीस जातो, कारण त्यात आठवण करून देण्याचे काम बाहेरच्या घटनेकडे सोपवलेले असते. पाचही नमाजा अशाच घटनांना बांधलेल्या आहेत, आणि त्या घटना आकाशातल्या आहेत. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, वेळ सावलीवरून ठरते: मध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की शाफई पंथाची असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफी पंथाची. कोकणी मुसलमान शाफई असल्याने रत्नागिरीकडची असरची बांग मालेगावच्या हनफी मशिदींपेक्षा त्यामुळेच लवकर होते. बांग झाली की वुजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुणे, आणि वुजू झाला की नमाज, अशी कृतीला कृती जोडलेली असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, पण व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की, एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेला फारशी बाधा येत नाही. नमाज चुकली तर ती कजा म्हणून नंतर पढण्याची सोय मला या दृष्टीने फार सुज्ञ वाटते. चूक भरून काढता येते, आणि चुकले म्हणून सगळेच सोडून देण्याचे निमित्त उरत नाही.

रात्री इशाच्या नमाजेनंतर दिवसाचा हिशेब घेण्याला मुहासबा म्हणतात. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेले हारिस अल-मुहासिबी त्याच नावाने ओळखले जातात, आणि गझालींनी त्याचे टप्पे घालून दिले: सकाळी स्वतःशी अटी ठरवणे, दिवसभर लक्ष ठेवणे, रात्री हिशेब तपासणे आणि मग उणीव भरून काढणे. आपल्या प्रगतीवर नियमित नजर ठेवणारे लोक ध्येयापर्यंत अधिक वेळा पोहोचतात, हे १३८ अभ्यासांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. मात्र हाच हिशेब स्वतःला कोसत बसण्यात बदलला तर तो घातक ठरतो. काही जणांना वुजू झाला की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा हातपाय धुण्याचा मंत्रचळ लागतो. परंपरेत याला वसवसा म्हणतात, आणि दहाव्या शतकाच्या आगेमागे अबू झैद अल-बल्खी यांनी छळणाऱ्या विचारांच्या या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले होते. ‘शंकेने खात्री मोडत नाही’ हे फिक्हमधले, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातले, तत्त्व अशा माणसाला पुन्हा न धुण्याची मुभा देते. आजचे मानसोपचारतज्ज्ञही रुग्णाला शंका तशीच राहू देऊन कृती न करण्याचा सराव करायला लावतात.

वर सांगितलेले मानसशास्त्रीय प्रयोग बहुतांशी अमेरिकेत आणि युरोपात झालेले आहेत, त्यामुळे ते इथल्या आयुष्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. रमजानवरचा एक मोठा अभ्यास फिलिपे कांपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत त्यामुळे रोज्याची लांबी मोठ्या फरकाने बदलते. या नैसर्गिक बदलाचा उपयोग करून त्यांनी दाखवले की, रोजे लांब असताना मुस्लीमबहुल देशांची आर्थिक वाढ मंदावते, पण तिथले मुसलमान आपण अधिक समाधानी असल्याचे सांगतात. महाराष्ट्रात रोजा बारा ते पंधरा तासांच्या मध्येच राहतो, तेव्हा लांबीवरून इथे फार काही शोधता येणार नाही. उष्म्यावरून मात्र येईल. २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता, आणि नागपूर-चंद्रपूरकडचा मे महिन्यातला रोजा व तिथलाच डिसेंबरमधला रोजा यांत तहानेचा फरक प्रचंड असतो. २०३० च्या आगेमागे रमजान हिवाळ्यात असेल. विदर्भातल्या एखाद्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने आतापासून दरवर्षी त्याच कुटुंबांची विचारपूस करायला सुरुवात केली, तर पहिल्या घोटाचे समाधान तहानेच्या प्रमाणात वाढते की नाही, हे मोजून सांगता येईल.