इग्निशन टायमिंग : जुन्या मोटारी आणि कोकण

पेट्रोल इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती आधी प्लगमध्ये ठिणगी पडावी, हे ठरवणारी वेळ म्हणजे इग्निशन टायमिंग. ही वेळ क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) अंशांत मोजतात. प्रीमियर पद्मिनी (१,०८९ सीसी), हिंदुस्थान ॲम्बेसेडर (१,४८९ सीसी), पेट्रोल जीप, कार्ब्युरेटरची मारुती ८०० अशा गाड्यांत डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणारा भाग) हाताने फिरवून ती बदलता येते. ठिणगी लवकर आणली तर ॲडव्हान्स, उशिरा नेली तर रिटार्ड. गाडीत दम नाही असे वाटले की ‘थोडं ॲडव्हान्स करून द्या’ ही मागणी गॅरेजमध्ये हमखास होते. कोकणात ती जपूनच पुरी करावी लागते. समुद्रसपाटीची दाट हवा, खारा ओलावा आणि गावाबाहेर पडताच सुरू होणारे चढ या तिन्ही गोष्टी टायमिंगच्या आड येतात.

ठिणगी पडल्याबरोबर पेट्रोल-हवेचे सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपाशी सुरू होते आणि सिलिंडरभर पसरायला तिला दोनेक मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्या असताना एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांवर तो तेवढ्याच वेळात १८ अंश पुढे गेलेला असतो. जळणाऱ्या वायूचा दाब पिस्टन टोकावरून साधारण १२ ते १५ अंश खाली उतरला असताना शिगेला पोहोचला, तर क्रँकला सर्वांत चांगला रेटा मिळतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) ५ ते १० अंश, तर वेगात एकूण ३० ते ३५ अंश, असा जुन्या इंजिनांचा सर्वसाधारण हिशेब असतो. नेमका आकडा मात्र त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालकाच्या हाती होते. फोर्ड मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली त्यासाठी दांडी असे. हँडल मारण्यापूर्वी ती मागे घ्यायला विसरले, तर इंजिन उलटा झटका देऊन मनगट मोडू शके. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्येच दोन वजने आणि त्यांना धरणाऱ्या स्प्रिंगा आल्या. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी पुढे सरकते. जोडीला इंजिनाच्या शोषणावर चालणारी व्हॅक्युम ॲडव्हान्सची डबी असते. हलक्या पायाने गाडी चालत असताना ती आणखी काही अंश देते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ते काढून घेते.

आता शक्तीचा प्रश्न. टायमिंग मुळात मागे पडलेले असेल, तर ते जागेवर आणल्यावर गाडी खरोखर बदलते : पिकअप येतो, चढावर वारंवार खालचा गिअर टाकावा लागत नाही, पेट्रोलही वाचते. पण प्रत्येक इंजिनाची एक सर्वोत्तम जागा असते आणि त्या जागेभोवती शक्तीचा आलेख जवळजवळ सपाट असतो. दोन-तीन अंशांनी चालकाला फरक कळतही नाही. त्या जागेपलीकडे ॲडव्हान्स केले तर शक्ती उलट घटते, कारण वर येत असलेल्या पिस्टनला जळता वायू विरोध करू लागतो. ॲडव्हान्समध्ये लपलेली जादा शक्ती नसते. हरवलेली तेवढी परत मिळते. टायमिंगला हात लावणाऱ्याने हे आधी मनाशी पक्के करावे.

अतिरेकी ॲडव्हान्सचा खरा धोका नॉकिंगचा. ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो तसाच चालू दिला तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जाते, पिस्टनच्या माथ्याला भोकही पडते. प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले, तर नुकसान सुरू झाले असे समजावे. चंदेरी ठिपके ही पिस्टनचीच झालेली झीज असते. उलट टायमिंग फार रिटार्ड असेल तर इंधन उशिरापर्यंत जळत राहते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि घाटात रेडिएटर उकळतो. उकळणाऱ्या गाडीचा रेडिएटर साफ करून घेणारे पुष्कळ असतात; टायमिंग तपासणारे त्या मानाने थोडे.

कोकणाचा संबंध इथे थेट येतो. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहेत. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी असतो. तिथल्या गॅरेजमध्ये नॉकिंगच्या काठावर आणून बांधलेली गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून रत्नागिरी-चिपळूणला आली की सिलिंडरमध्ये जास्त हवा घेते, दाब वाढतो आणि चढावर खडखडू लागते. इंजिन बिघडलेले नसते. एक-दोन अंश रिटार्ड केले की आवाज थांबतो. ऋतूचाही परिणाम होतो. पावसाळ्याच्या गारव्यात बरोबर वाटलेले टायमिंग मे महिन्यात, आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाडीत, जड जाऊ शकते. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचे टायमिंग उन्हाळ्यात, भरल्या वजनाने तपासावे हे उत्तम.

खारी हवा तर डिस्ट्रिब्युटरच्या आतच शिरते. वजनांच्या खिळ्या गंजतात आणि वजने जागीच अडकतात. मग आयडलिंगचे टायमिंग अचूक असूनही हायवेवर गाडी ओढत नाही. स्प्रिंग गंजून तुटली तर नेमके उलटे होते : ॲडव्हान्स वेळेआधीच पूर्ण येतो आणि मधल्या वेगात नॉकिंग होते. व्हॅक्युमच्या डबीतला रबरी पडदा फाटला आहे का, हे पाहायला जाणकार मिस्त्री तिची नळी काढून तोंडाने हवा ओढतो आणि टोक जिभेने बंद करतो. झाकण उघड्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या स्पर्शबिंदूंची) प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत. हळूहळू परत आली तर फाटलेला. या चाचणीला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांत निकाल मिळतो, तरी ती फार क्वचित होते.

प्रत्यक्ष टायमिंग लावण्याआधी पॉइंट पाहावेत. त्यांच्यातली फट गाडीनुसार सुमारे ०.३५ ते ०.५० मिलिमीटर असते. पॉइंटची टाच (फिरत्या दांड्यावर घासणारा भाग) झिजली की फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नये. पॉइंटवर खड्डा आणि समोर उंचवटा झाला असेल तर फट मोजणारे फिलर गेज खोटा आकडा दाखवते. ते घासून सपाट करावेत किंवा नवे टाकावेत.

मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला (मिश्रण दाबण्याच्या टप्प्याला) आणून पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर जुळवतात. डिस्ट्रिब्युटरचा रोटर (आत फिरून ठिणगी वाटणारा भाग) पहिल्या प्लगच्या वायरीकडे पाहत असला पाहिजे. नाहीतर इंजिन एका पूर्ण फेरीने चुकलेले असते. कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडून) पॉइंटला जाणाऱ्या टर्मिनलवर १२ व्होल्टच्या दिव्याचे एक टोक आणि बॉडीला दुसरे जोडून किल्ली फिरवतात. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर हळू फिरवताना ज्या क्षणी दिवा लागतो, त्या क्षणी पॉइंट उघडले आणि ठिणगी पडली. रोटर ज्या दिशेने फिरतो तिच्या विरुद्ध डिस्ट्रिब्युटर वळवला की ॲडव्हान्स होतो. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे त्याचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. हात किती थोडा हलवायचा ते यावरून समजते. मूळ जागेवर आधी खडूची रेघ मारून ठेवावी.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) मिळाली तर इंजिन गरम करून, व्हॅक्युमची नळी काढून तिचे तोंड बुजवून पुन्हा तपासावे. वेग वाढवताना खूण सलग सरकली पाहिजे. ती एकाच जागी राहिली किंवा उडी मारून गेली तर दोष वजनांत आहे आणि बाहेरून कितीही फिरवले तरी तो जाणार नाही.

शेवटची परीक्षा चढावर. परशुराम घाटासारख्या चढावर, गाडी भरलेली असताना, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ऐकावे. क्षणभर हलकी किणकिण होऊन थांबली तर जुने मिस्त्री ती मर्यादा मानतात. किनाऱ्यावर मात्र तेवढीही ठेवू नये. एक अंश मागे घेऊन गमावलेली शक्ती कोणाला जाणवत नाही, पिस्टन वाचतो.

पावसात गाडी मिसिंग मारू लागली (मध्येच ठिणगी चुकू लागली) तर टायमिंगला हातच लावू नये. बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात दव धरलेले असते आणि हजारो व्होल्टचा करंट ओल्या पृष्ठभागावरून भलतीकडे जातो. झाकण कोरड्या फडक्याने पुसावे, आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी चीर दिसली तर ते बदलावे. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या जुन्या गाड्या वाटेत बंद पडतात, त्यांत हे कारण नेहमीचे.

इंधनही बदलले आहे. शिसेमुक्त पेट्रोल २००० साली देशभर झाले. आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलने ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची इंधनाची क्षमता) वाढतो, पण जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. ते आधी जेटने (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या छिद्राने) दुरुस्त करावे. पातळ मिश्रणाचा मंदपणा ॲडव्हान्सने झाकू नये. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते. महिनोन्महिने गावच्या घरी उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरल्यावरच टायमिंगचा निर्णय घ्यावा.

पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक मोड्यूल आता पुष्कळ जुन्या गाड्यांत बसवतात. पॉइंट झिजण्याचा प्रश्न त्याने सुटतो आणि खाऱ्या हवेत हा मोठा फायदा आहे. पण वजने, स्प्रिंगा आणि व्हॅक्युमची डबी तीच राहते. दर पावसाळ्यानंतर झाकण आणि प्लेट काढून वजनांच्या खिळ्यांना तेलाचा थेंब द्यावाच लागतो.