मिठाच्या पाण्याने भाजीतलं शिसं जात नाही

पंचवटीच्या बाजारातून मेथीची जुडी घरी आली की ती मिठाच्या पाण्यात बुडवायची, "म्हणजे विषारी धातू निघून जातात". नाशकात हे मी लहानपणापासून ऐकतोय. पाण्याने पानांवरची माती नि धूळ जाते, त्यासोबत वर चिकटलेलं शिसंही जातं. म्हणून भाजी धुवाच. पण मुळांतून शोषलेलं शिसं किंवा कॅडमियम पानाच्या आत असतं; तिथवर मीठ पोचत नाही. उकळूनही ते नष्ट होत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे, जंतू नव्हे. (तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं तर आर्सेनिक थोडं कमी होतं, एवढं मात्र खरं.)

मग कळणार कसं? रंग-वासावरून नाहीच. पालेभाजीत शिशाची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. इतकं सूक्ष्म प्रमाण ग्लुकोमीटरच्या पट्टीसारख्या स्वस्त छापील इलेक्ट्रोडवर मोजता येतं. आधी ऋण विद्युतदाब देऊन भाजीच्या द्रावणातले धातू पट्टीवर जमवायचे, मग तो दाब हळूहळू धन बाजूकडे न्यायचा. आधी कॅडमियम सुटतं, नंतर शिसं, आणि सुटताना वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून प्रमाण कळतं. पूर्वी यासाठी इलेक्ट्रोडवर पारा वापरत. २००० साली बिस्मथ या धातूचा पर्याय पुढे आला, तो कितीतरी कमी विषारी.

पट्टी थेट जुडीत खुपसून मात्र चालत नाही. भाजी आधी आम्लात विरघळवावी लागते, आणि ते काम स्वयंपाकघरात करू नका, प्रयोगशाळेतच करून घ्या.