मॉडर्न वेगळा, कंटेम्पररी वेगळा: बघायचं कुठं

बेळगावात घ्या नाहीतर खानापूर-निपाणीत, गॅदरिंग असू दे की गणपतीतली डान्स स्पर्धा, आता एक ठरूनच गेलंय, जोरदार गाणं असलं की एन्ट्री मॉडर्नमध्ये आणि हळू, रडकं गाणं असलं की कंटेम्पररीमध्ये. गाण्याच्या स्पीडवरनं हे कळत नसतंय. नाचणाऱ्याचं अंग स्वतःच्या वजनाचं काय करतंय ते बघायचं, दोन्हीतला फरक तिथं दिसतो. आपल्याकडची पोरं मेहनतीला कमी नाहीत, खरं ती मेहनत गिरक्या आणि चेहऱ्यावरच्या दुःखावरच खर्ची पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मॉडर्न. नाव नवीन वाटतंय खरं प्रकार शंभर वर्षांहून जुना. अमेरिकेत जन्मलेली इसाडोरा डंकन बॅलेचे बूट टाकून अनवाणी नाचायला लागली, पुढं मार्था ग्रॅहमनं 1926 मध्ये न्यूयॉर्कात स्वतःची डान्स कंपनी, म्हणजे नर्तकांचा संच, काढली आणि हळूहळू एक आख्खी टेक्निक उभी केली. तिचा पाया कॉन्ट्रॅक्शन आणि रिलीज. श्वास सोडताना ओटीपोट आत ओढायचं, पाठ गोल करायची, मग श्वास घेत कणा परत लांब करायचा. क्लास जमिनीवर बसूनच सुरू होतो. बघायला सोपं वाटतंय, करून बघा, पोटातनं जोर काढल्याशिवाय पाठ वळतच नाही आणि बरेच जण नुसते खांदे पाडून मोकळे होतात. या नाचात ताण लपवत नाहीत, उलट तोच दाखवायचा असतो. ग्रॅहमच्या पद्धतीत पडणं असतं खरं ते मांडीच्या आणि पोटाच्या ताकदीवर धरून, मोजून पडणं असतं. तिच्याच काळातल्या डोरिस हम्फ्रीचं लक्ष दुसरीकडं होतं, तोल जाऊ द्यायचा आणि पूर्ण पडायच्या आत सावरायचं, झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो आणि परत फिरतो तसं. म्हणजे मॉडर्नमध्ये गुरू बदलला की पद्धत बदलते, खरं प्रत्येकाची पद्धत पक्की, व्यायाम ठरलेले, क्रम ठरलेला.

कंटेम्पररी यातनंच फुटलं. मर्स कनिंगहॅम ग्रॅहमच्याच कंपनीत नाचायचा, तिथनं बाहेर पडून 1953 मध्ये त्यानं आपली कंपनी काढली. तो आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं तयार करायचे, दोन्ही एकत्र यायचं ते स्टेजवरच, आणि कुठली हालचाल कधी येणार हे तो कधी कधी नाणं उडवून ठरवायचा. गाण्याच्या शब्दावर हात हलवायची सवय असलेल्यांनी यावर जरूर विचार करावा. पुढं 1962 पासून न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये काही तरुण नर्तक जमायला लागले आणि नुसतं चालणं, पळणं, उभं राहणं यालाही नाच म्हणायला लागले. त्यातलाच एक स्टीव्ह पॅक्स्टन, त्यानं 1972 मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं, आणि माझ्या मते आपल्या पोरांनी सगळ्यात आधी शिकावं ते हेच.

कारण आपल्याकडं ड्युएट म्हणजे काय, तर मुलगा हाताच्या जोरावर मुलीला वर उचलतो आणि हॉल शिट्ट्या मारतो. कॉन्टॅक्टमध्ये दोघांची अंगं एका जागी टेकलेली असतात, खांदा, पाठ, कंबर कुठंही, आणि वजन त्या जागेवरनं एकमेकाकडं जातं, टेकायची जागा सरकत राहते. एकजण कंबर खाली नेतो, दुसरा त्यावर झुकतो आणि पाय आपोआप सुटतात. त्यात बारीक अंगाची मुलगीसुद्धा धिप्पाड मुलाला पाठीवर घेते, कारण भार हाडांवरनं जमिनीत जात असतो. पुढची हालचाल आधीपासनं ठरलेली नसते, समोरच्याचं वजन कुठं जाऊलंय ते अंगानं ऐकायचं.

रिलीज टेक्निक म्हणतात ती याच काळाच्या आसपास वाढली. ग्रॅहमच्या रिलीजशी गल्लत करू नका. इथं नको असलेला ताण सोडायचा, मान, खांदे, गुडघे मोकळे ठेवायचे आणि हालचालीला कमीत कमी जोर लावायचा. फ्लोअरवर जाताना टाच, पिंढरी, मांडीची बाजू, मग पाठ असं क्रमानं टेकवत उतरायचं. गुडघ्यावर धपकन पडणारा कितीही भारी दिसला तरी त्याला फ्लोअरवर्क येत नाही असंच म्हणावं लागतं.

टीव्हीच्या शोमध्ये बघतो त्यातलं बरंचसं लिरिकल असतंय, बॅलेच्या गिरक्या, जॅझच्या उड्या आणि शब्दांचा अभिनय. चांगलं असतंय तेही, खरं ते वेगळं खातं.

आणि कंटेम्पररी म्हणजे परदेशाची नक्कल असंही नाही. चंद्रलेखा भरतनाट्यममधनं आलेल्या, 1985 च्या 'अंगिका' या नृत्यरचनेत त्यांनी योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू आणली. अस्ताद देबू कथक शिकलेले, लंडनला जाऊन ग्रॅहम टेक्निक शिकले, परत येऊन कथकली शिकले आणि पुढं मणिपूरच्या ढोलवादकांबरोबर काम केलं. एकाच माणसाच्या अंगात एवढं सगळं मावतं, ते मला या प्रकाराचं मोठेपण वाटतंय. मग शहापूर-टिळकवाडीत वर्षानुवर्षं भरतनाट्यम करून अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं, पक्की झालेली मुलगी, शिवजयंतीला लेझीम खेळलेला पोरगा, यांच्याकडं जमिनीशी नातं आहेच की, ते पुसून टाकून कंटेम्पररी का शिकवतात तेच कळत नाही.

बेळगावातनं शिकायला जायचं तर बेंगळूरची अटक्कलारी ही कंटेम्पररी डान्सची संस्था आहे, 1992 पासनची. इथंच क्लास लावणार असाल तर सरांना एवढं विचारा की इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आधी न ठरवता जागच्या जागी सुचेल तसं नाचणं, करून घेता का, वजन द्यायला-घ्यायला शिकवता का, की थेट स्पर्धेचा डान्सच बसवता. आणि फ्लोअर बघून या. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर नुसती सतरंजी टाकून रोल करून घेत असतील तर मॅट आणि नीकॅपशिवाय पोराला पाठवू नका, पावसाळ्यात फरशी गार आणि अंग आखडलेलं असताना तर नकोच, आधी चांगला वीस मिनिटं वॉर्मअप करून घेतात का तेही बघा.