अंडाशयाचा कर्करोग : स्क्रीनिंग आणि लवकर निदान

कसलीही लक्षणे नसलेल्या, सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांमध्ये अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडून मृत्यू टाळता येतील, अशी स्क्रीनिंग चाचणी अजून उपलब्ध नाही. पॅप चाचणी गर्भाशयमुखाची असते. ती नॉर्मल आली म्हणजे अंडाशयही ठीक आहे, असे होत नाही. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांपुढील स्त्रियांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते. त्यात अंडाशय नाही आणि ते योग्यच आहे. भारतीय स्त्रियांमध्ये स्तन व गर्भाशयमुखाखालोखाल हाच कर्करोग आढळतो आणि बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचल्यावर दवाखान्यात येतात. म्हणून लवकर निदानाची भिस्त दोन गोष्टींवर आहे : लक्षणांची वेळीच दखल आणि आनुवंशिक जोखमीच्या स्त्रिया हुडकणे.

स्क्रीनिंग का जमत नाही, हे आकड्यांतून लगेच कळते. पाळी गेलेल्या साधारण २,५०० स्त्रियांमागे एकीला हा आजार असतो. निरोगी बाईला १०० पैकी ९८ वेळा निरोगीच ठरवणारी चाचणी वापरली, तरी त्या २,५०० मध्ये सुमारे ५० जणींना खोटी धास्ती बसते. स्तनातल्या गाठीत सुई घालून खात्री करता येते. इथे गाठीला सुई लावली तर पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो. त्यामुळे शंका फेडायची तर शस्त्रक्रियाच करावी लागते. एका कर्करोगामागे फार तर दहा शस्त्रक्रिया चालतील असे धरले, तर निरोगी बाईला निरोगी ठरवण्यात चाचणी ९९.६ टक्के अचूक हवी.

दुसरी अडचण आजाराच्या स्वभावात आहे. सर्वांत घातक आणि सर्वाधिक आढळणारा हाय-ग्रेड सिरस प्रकार बहुतेकदा अंडाशयात नव्हे, तर बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. तिथून पेशी पोटाच्या आवरणावर पसरतात, तेव्हा अंडाशयाचा आकार नॉर्मल असू शकतो. सोनोग्राफीत दिसण्याजोगी गाठ होईपर्यंत उशीर झालेला असतो.

सीए-१२५ ही त्याच नावाचे प्रथिन मोजणारी रक्तचाचणी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आली. नेहमीची मर्यादा ३५ युनिट प्रति मिलिलिटर. पुढच्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांत ही पातळी वाढलेली असते, पण पहिल्या टप्प्यात जेमतेम निम्म्या जणींत. उलट मासिक पाळी, गर्भारपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढणे), ओटीपोटातला जंतुसंसर्ग, यकृताचा सिरॉसिस, हृदय निकामी होणे यांतही ती वाढते. उपाशी राहायची गरज नाही. मात्र पाळीच्या दिवसांत रक्त देऊ नये आणि पुन्हा तपासायचे तर त्याच लॅबमध्ये द्यावे, कारण किट बदलले की आकडा बदलतो. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ही चाचणी घुसडलेली दिसते. तिशीतल्या निरोगी बाईच्या हाती त्यातून चिंता आणि पुढच्या तपासण्यांचे बिल याखेरीज सहसा काही पडत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे करून पाहिले गेले आहे. अमेरिकेतल्या पीएलसीओ या संशोधनात ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रिया होत्या; निम्म्या जणींची दरवर्षी सीए-१२५ आणि योनीमार्गे सोनोग्राफी झाली. २०११ साली जाहीर झालेल्या निकालात या गटात अंडाशयाच्या कर्करोगाने ११८, तर ही तपासणी न झालेल्या गटात १०० मृत्यू होते. म्हणजे फायदा दिसला नाही. खोटा पॉझिटिव्ह निकाल ३,२८५ जणींना मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींत गंभीर गुंतागुंत उद्भवली. ब्रिटनच्या यूकेसीटॉक्स या संशोधनात दोन लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. तिथे एकाच आकड्यावर न थांबता सीए-१२५ वर्षागणिक कसे चढते हे पाहिले गेले. पहिल्या टप्प्यातली निदाने वाढली, चौथ्या टप्प्यातली घटली, तरी २०२१च्या अंतिम निकालात मृत्यूंमध्ये ठोस घट नव्हती. आजार थोडा आधी सापडू लागला, पण मृत्यूची वाट बदलण्याइतके नाही.

लक्षणे : पोट सतत फुगलेले वाटणे, चार घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार किंवा घाईची लघवी. ही कुणालाही होतात. फरक नवेपणात आणि वारंवारतेत आहे. गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झालेला त्रास महिन्यातून बाराहून अधिक दिवस होत असेल, तर तपासणी हवी. पन्नाशीनंतर प्रथमच ‘गॅसेस’चा त्रास सुरू झालेल्या बाईला महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहणे, ही उशिराची नेहमीची वाट. ब्रिटनच्या २०११च्या मार्गदर्शिकेनुसार अशा वेळी आधी सीए-१२५ करतात आणि ते ३५ किंवा जास्त आले तर सोनोग्राफी. आकडा नॉर्मल येऊनही त्रास टिकला, तर पुन्हा तपासायला हवेच.

गाठ दिसल्यावर रुग्णाला कुठे पाठवायचे, हे ठरवायला आरएमआय (गाठ कर्करोगाची असण्याच्या जोखमीचा निर्देशांक) हा गुणाकार वापरतात : सोनोग्राफीचे गुण × पाळीचे गुण × सीए-१२५. अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा यांपैकी काहीच नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी गेली असेल तर ३, सुरू असेल तर १. पाळी गेलेल्या बाईच्या गाठीत घट्ट भाग, पोटात पाणी आणि सीए-१२५ ६० असेल, तर ३ × ३ × ६० = ५४०. हा आकडा २००च्या वर गेला की कर्करोग-शल्यविशारदाकडे पाठवतात. पण दोन्ही बाजूंना, कप्पे असलेल्या चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसच्या गाठी) आणि सीए-१२५ ११० असलेल्या तिशीतल्या बाईचाही ३३० येतो. तिथे गणितापेक्षा अनुभवी सोनोलॉजिस्टची नजर मोलाची. किशोरी व तरुणींत घट्ट गाठ दिसली तर सीए-१२५ पुरत नाही. रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच हे इतर निदर्शकही तपासावे लागतात.

आपल्याकडचा मोठा चकवा म्हणजे पोटाचा क्षयरोग. जलोदर, वजन घटणे, अंडाशयाजवळ गाठ, शेकड्यांत गेलेले सीए-१२५ : चित्र हुबेहूब कर्करोगाचे. पोटातल्या पाण्याची एडीए (क्षयरोगात वाढणारे एन्झाइम) व पेशींची तपासणी आणि आवरणाच्या तुकड्याची बायोप्सी झाल्याशिवाय ना केमोथेरपी सुरू करावी, ना क्षयाच्या गोळ्या.

आनुवंशिक जोखीम : बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास, बीआरसीए-२ मध्ये १७च्या आसपास. हा दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या आणि आजीचा इतिहासही विचारावा. जनुकचाचणीची सुरुवात शक्यतो आजारी व्यक्तीपासून करावी. दोष सापडला की नातेवाइकांत नेमका तोच शोधता येतो. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर केवळ त्यावरून शस्त्रक्रिया करू नये. दोष निश्चित असेल, तर मुले झाल्यावर दोन्ही अंडाशये व बीजवाहिन्या काढतात : बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात. काढलेल्या बीजवाहिन्या पूर्ण तपासायच्या, झालरीचे टोक दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून पाहायचे. एकदोन तुकडे घेऊन भागवले, तर दडलेला सुरुवातीचा कर्करोग हातून सुटतो. शस्त्रक्रियेनंतरही पोटाच्या आवरणाच्या कर्करोगाचा एक-दोन टक्के धोका उरतो.