सिल्फ्राला डायव्हिंगसाठी निघण्यापूर्वी

आइसलँडच्या थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानातली सिल्फ्रा म्हणजे उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट्यांदरम्यानची भेग. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी सच्छिद्र लाव्ह्यातून झिरपत झिरपत काही दशकांनी इथे पोहोचतं. गाळ वाटेतच अडतो, म्हणून पाण्याखाली १०० मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. तापमान मात्र बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस.

कोणाला उतरता येतं?

ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचं प्राथमिक) प्रमाणपत्र हवं. शिवाय ड्रायसूटचं (आत पाणी शिरू न देणाऱ्या, हवा भरता येणाऱ्या पोशाखाचं) प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमधल्या किमान १० डायव्हची लॉगबुकात (डायव्हच्या नोंदवहीत) नोंद हवी. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली डुबकी यात धरत नाहीत. तेवढा अनुभव नसेल तर स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पृष्ठभागावरून पोहणं) करा. खरं सांगायचं तर वरूनही फारसं काही हुकत नाही.

खोली डोळ्यांनी मोजू नका

भेगेची कमाल खोली ६३ मीटर, पण डायव्हिंगची मर्यादा १८ मीटर. गुहांत शिरायला बंदी आहे. आपल्या किनाऱ्यावर खाली जाऊ तसा अंधार आणि गढूळपणा वाढतो, त्यावरून अंदाज येतो. इथे ती खूणच नाही. त्यात मास्कमधून वस्तू पाव अंतराने जवळ भासते, त्यामुळे तळ हाताशी आल्यासारखा वाटतो आणि माणूस नकळत खाली जात राहतो. दाब वाढला की सूट अंगाला आवळतो, बॉयन्सी (तरंगण्याची क्षमता) घटते आणि उतरण्याचा वेग आणखी वाढतो. दर काही श्वासांनी डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) पाहा. सूटमध्ये हवा थोडी थोडी सोडा. जास्त झाली तर ती पायांकडे धावते आणि पाय वर होतात. तसं झालंच तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारा आणि हवा बाहेर सोडा.

रेग्युलेटर गोठणं

रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण. त्यातून येताना हवा प्रसरण पावते आणि थंड होते. पाणी आधीच गारठलेलं, त्यामुळे आत बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा सुसाट बाहेर पडू लागते. म्हणून पाण्याबाहेर रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहू नका. सूट आणि जॅकेट (तरंगण्यासाठी हवा भरायचं) एकाच वेळी फुगवू नका. हवा सुटलीच तर जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घ्या, जोडीदाराला तुमच्या सिलिंडरची झडप बंद करू द्या आणि डायव्ह तिथेच संपवा.

अंगावर काय घालाल?

लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल आणि जाड मोजे. सुती कपडा ओला झाला की ऊब देत नाही. अंगठ्या, घड्याळ आणि गळ्यातलं (मंगळसूत्रसुद्धा) काढून ठेवा, नाहीतर मनगटाची आणि मानेची रबरी सील फाटते. दाट दाढीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. चष्मा मास्कखाली बसत नाही, लेन्स लावा. खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं समुद्रापेक्षा वेगळं लागतं: गोड्या पाण्यामुळे २-३ किलो कमी, पण ड्रायसूटमधल्या हवेमुळे त्याहून जास्त. पाण्यात तपासूनच ठरवा. हात आणि ओठ बधिर होतात, हे गृहीत धरा.

प्रवाह हलका आहे, तोच पुढे नेतो. शेवटी डावीकडे वळून लगूनमध्ये (उथळ तळ्यात) शिरायचं असतं, हे वळण चुकवू नका. लगूनचा तळ गाळाचा आहे. एक फिन (पायातलं वल्हं) जोरात मारला की मागून येणाऱ्याला काही दिसत नाही.

परतीचं विमान डायव्हनंतर किमान १८ तासांनी ठेवा.