इंग्रजी वाक्प्रचार शिकताना हिंदी कुठे मदत करते आणि कुठे अडवते

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेत आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेत इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ विचारणारे प्रश्न येतात. त्यामुळे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश अशा हिंदीभाषक राज्यांतील असंख्य तरुण-तरुणी दर वर्षी वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या पाठ करतात. डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या रकान्यात हिंदी अर्थ आणि क्रम वर्णमालेचा, अशी या याद्यांची सर्वसाधारण रचना असते. वाक्प्रचार मनात कसे साठतात आणि परभाषेतील वाक्प्रचारांना मातृभाषा कशी प्रतिसाद देते, यावर मानसभाषाशास्त्रात गेली सुमारे पन्नास वर्षे प्रयोग होत आहेत. त्यांचे निष्कर्ष पाहिले, तर ही रचना शिकणाऱ्याच्या कष्टांचे पुरेसे चीज करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थांची बेरीज करून हाती लागत नाही. मग तो मेंदूला सापडतो कसा? डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, रूढ वाक्प्रचार हा एखाद्या लांब शब्दासारखा शब्दसंग्रहात अखंड साठवलेला असतो. त्यांच्या प्रयोगात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी वाक्प्रचार हे त्याच घडणीच्या साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखले होते. पुढे १९८८ मध्ये क्रिस्टिना कात्चारी आणि पात्रित्सिया ताबोस्सी यांनी इटालियन भाषेवरील प्रयोगांतून या मताला मुरड घातली. त्यांच्या मते ऐकणारा आधी शब्दांचे सरळ अर्थच लावत जातो आणि एका ठरावीक शब्दापाशी पोहोचल्यावर त्याला हा वाक्प्रचार असल्याची खूण पटते. ‘ऊँट के मुँह में’ एवढे शब्द कानावर पडताच हिंदीभाषकाला ‘ज़ीरा’ ऐकण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘नौ दो’ ऐकले की ‘ग्यारह’ आपोआप येते. ही पूर्वकल्पना वर्षानुवर्षांच्या ऐकण्याबोलण्यातून तयार झालेली असते. खुद्द मातृभाषेतील वाक्प्रचारसुद्धा मुले सावकाश शिकतात आणि त्यांची समज किशोरवयापर्यंत वाढत राहते, असे बालभाषेच्या अभ्यासांतून दिसले आहे.

परभाषेत ही पूर्वकल्पना नसते किंवा फार क्षीण असते. आना सियानोव्हा-चांतुरिया, कॅथी कॉन्क्लिन आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकांची नजर वाक्प्रचारांवरून नव्या शब्दसमूहांपेक्षा वेगाने पुढे सरकली आणि वाक्प्रचार लाक्षणिक अर्थाने आला आहे की शब्दशः, याने त्यांच्या वेगात विशेष फरक पडला नाही. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या वाचकांना मात्र वाक्प्रचारांमुळे वेगाचा कोणताही लाभ झाला नाही, उलट लाक्षणिक अर्थाच्या ठिकाणी त्यांची नजर अधिक रेंगाळली. म्हणजे चांगले इंग्रजी येत असले, तरी परभाषक वाचकाचे मन आधी शब्दाशब्दाचा सरळ अर्थ लावत जाते आणि तो जुळला नाही की मागे वळते. परीक्षेच्या उताऱ्यात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचा हा आळस किंवा अज्ञान नव्हे. परभाषा वाचणारा मेंदू अशाच रीतीने चालतो.

येथे मातृभाषेचा प्रश्न येतो. गॅरेथ कॅरल आणि कॉन्क्लिन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी वाक्प्रचारांची शब्दशः इंग्रजी भाषांतरे वापरली. ‘सापाचे चित्र काढून त्याला पाय जोडणे’ म्हणजे अनावश्यक भर घालून काम बिघडवणे, असा चिनी भाषेत वाक्प्रचार आहे. त्याचे सुरुवातीचे शब्द इंग्रजीत दाखवल्यावर ‘पाय’ हा अर्थ असलेला इंग्रजी शब्द चिनीभाषकांनी इतर शब्दांपेक्षा झटकन ओळखला. केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. इंग्रजी वाचत असतानाही त्यांच्या मनात चिनी वाक्प्रचार जागा झाला होता, असाच याचा अर्थ होतो. मातृभाषा बाजूला ठेवून इंग्रजी शिका, हा उपदेश म्हणूनच पाळता येण्याजोगा नाही. हिंदी मनात जागी होणारच, तेव्हा तिचा उपयोग कसा करायचा, हाच विचार करणे योग्य.

या संदर्भात सुझान इरुहो यांचा १९८६ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या, इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या व्हेनेझुएलातील विद्यार्थ्यांना त्यांनी तीन प्रकारचे वाक्प्रचार दिले: दोन्ही भाषांत तंतोतंत सारखे, जवळपास सारखे आणि पूर्णपणे वेगळे. तंतोतंत सारखे वाक्प्रचार सर्वांत सोपे गेले. जवळपास सारख्या वाक्प्रचारांचा अर्थ विद्यार्थ्यांना चांगला समजला. पण ते स्वतः वापरताना स्पॅनिशचा हस्तक्षेप सर्वाधिक दिसला. पूर्णपणे वेगळ्या वाक्प्रचारांत हा हस्तक्षेप त्या मानाने कमी होता.

हिंदीभाषकासाठी हीच विभागणी करून पाहिली, तर चित्र बरेच आशादायक दिसते. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ आणि ‘मगरमच्छ के आँसू’, ‘व्हाइट एलिफंट’ आणि ‘सफ़ेद हाथी’, ‘पॅट ऑन द बॅक’ आणि ‘पीठ थपथपाना’ हे वाक्प्रचार शिकायला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. ‘ॲड फ्युएल टु द फायर’ म्हणताना फक्त तुपाच्या जागी इंधन घालायचे एवढेच लक्षात ठेवावे लागते, कारण हिंदीतही मराठीप्रमाणे आगीत तूपच ओतले जाते. ‘किल टू बर्ड्स विथ वन स्टोन’ आणि ‘एक तीर से दो शिकार’ यांतही शस्त्र तेवढे बदलते.

खरा धोका आहे तो चित्र सारखे आणि अर्थ निराळा असतो तेथे. हात धुण्याचेच उदाहरण घेऊ. हिंदीत ‘हाथ धो बैठना’ म्हणजे एखादी गोष्ट गमावून बसणे आणि ‘हाथ धोकर पीछे पड़ना’ म्हणजे एखाद्याचा पिच्छा न सोडणे. इंग्रजीतील ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ याचा अर्थ या दोहोंहून वेगळा आहे: यापुढे या प्रकरणाची जबाबदारी माझी नाही, असे जाहीर करणे. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर नको म्हणून लोकांसमोर पाण्याने हात धुतो. हा प्रसंग ठाऊक झाला की अर्थ पक्का बसतो आणि हिंदीतील दोन्ही अर्थ आपोआप दूर राहतात. मराठी वाचकालाही हा सापळा ओळखीचा वाटेल, कारण आपल्याकडे मागे लागतानाही हात धुतात, संधी साधतानाही हात धुवून घेतात आणि जबाबदारी टाळायची झाली तर हात झटकतात.

‘टाय द नॉट’ म्हणजे विवाहबद्ध होणे. पण ‘गाँठ बाँध लेना’ म्हणजे एखादी गोष्ट मनात पक्की ठेवणे. लग्नविधीत वधूवरांच्या वस्त्रांची गाठ बांधण्याची प्रथा उत्तर भारतात सर्वत्र आहे, त्यामुळे येथे वाक्प्रचाराऐवजी विधीशी सांगड घातली तर हिंदीभाषकाला इंग्रजी अर्थ अगदी सहज लक्षात राहील. ‘पुल समवन्स लेग’ ही त्याहून नाजूक जागा आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ थट्टेने फसवणे असा आहे. आजच्या हिंदीत ‘टाँग खींचना’ चेष्टेसाठी वापरतात, तसेच पुढे जाणाऱ्याला मागे ओढण्यासाठीही वापरतात. त्यांपैकी पहिलाच अर्थ इंग्रजीशी जुळतो. शिवाय ‘पैर’ या शब्दात तळपाय आणि संपूर्ण पाय हे दोन्ही येत असल्याने ‘लेग’ आणि ‘फुट’ यांची अदलाबदल होण्याचा संभव राहतो. वाक्प्रचारात मात्र असा बदल इंग्रजी कानाला सहन होत नाही.

ज्या वाक्प्रचारांना हिंदीत कोणताच आधार नाही, त्यांच्यासाठी त्यांचा उगम हाच सर्वांत चांगला आधार ठरतो. बेल्जियममधील फ्रँक बूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांतून दाखवून दिले आहे की, वाक्प्रचार मूळ कोणत्या क्षेत्रातून आला हे कळल्यावर तो अधिक चांगला स्मरणात राहतो. शब्दासोबत चित्रही साठवले तर स्मरणाच्या दोन वाटा तयार होतात, या ॲलन पायव्हिओ यांच्या सिद्धान्ताशी हे सुसंगत आहे. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी, याचे मूळ मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात आहे. तेथे द्राक्षमळ्याचा मालक दिवसाच्या अकराव्या तासाला, म्हणजे सूर्योदयापासून मोजले असता संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणखी मजूर कामावर घेतो. दिवस बारा तासांचा धरला की अकरावा तास शेवटाचा का, हे वेगळे सांगावे लागत नाही. घड्याळातील अकरा मनात ठेवून मात्र हा अर्थ कधीच उलगडणार नाही.

बूर्स यांनी असेही पाहिले की, फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांना खाद्यपदार्थांवरून आलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांपेक्षा जहाजांवरून आलेल्यांचा अंदाज बांधणे अधिक अवघड जाते, कारण समुद्रावरील जीवनाने फ्रेंचपेक्षा इंग्रजीला अधिक वाक्प्रचार पुरवले आहेत. गंगा-यमुनेच्या मैदानातल्या विद्यार्थ्याला शिडे, दोर आणि सुकाणू यांचे जग तर आणखी दूरचे. ‘लर्न द रोप्स’, म्हणजे कामाच्या खाचाखोचा शिकणे, हे शिकवताना शिडाच्या जहाजावर नव्या खलाशाला प्रत्येक दोराचे काम शिकावे लागे, हे सांगितलेच पाहिजे. त्याउलट ‘स्टिकी विकेट’, म्हणजे अडचणीची परिस्थिती, हे समजायला हिंदी भाषांतराची गरजही नाही. पूर्वी खेळपट्ट्या पावसात उघड्या असत आणि भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू वेडावाकडा उसळे. क्रिकेट पाहत वाढलेल्या कानपूरच्या किंवा रांचीच्या मुलाला एवढे पुरेसे आहे. शिक्षकांनी ही जमेची बाजू अधिक वापरायला हवी. मात्र उगमाच्या नावाखाली फिरणाऱ्या प्रत्येक कथेवर विश्वास ठेवू नये. मुसळधार पावसासाठी ‘कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणण्यामागे गवती छपरावरून घसरणारी जनावरे होती, ही कथा निराधार आहे.

बूर्स यांच्याच २००० सालच्या एका अभ्यासात रागाविषयीचे शब्दप्रयोग उकळता द्रव, आग, हिंस्र प्राणी अशा रूपकांनुसार मांडून दिलेल्या विद्यार्थ्यांना ते अधिक आठवले. हिंदीतही ‘ख़ून खौलना’, ‘आगबबूला होना’, ‘भड़कना’ ही सारी याच रूपकांची अपत्ये आहेत, त्यामुळे ‘माय ब्लड बॉइल्स’ त्यांच्या शेजारी सहज बसते. याउलट अर्थाने जवळचे शब्द केवळ एकत्र ठेवून पाठ केले तर ते एकमेकांत मिसळतात, हे टॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये दाखवले होते. पाठांतरातही यादी पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अर्थ झाकून तो आठवण्याचा प्रयत्न करणे दीर्घकाळ टिकते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगांनी सिद्ध केले आहे.

राहिला प्रश्न कोणते वाक्प्रचार आधी शिकावेत याचा. रोझामंड मून यांनी सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांच्या इंग्रजी मजकुराचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा बहुसंख्य ठाशीव शब्दप्रयोग दहा लाख शब्दांमागे एकदाही येत नाहीत, असे आढळले. याद्यांमध्ये मानाचे स्थान मिळवणारे रंगीत वाक्प्रचार प्रत्यक्ष वाचनात क्वचितच भेटतात, तर ‘ॲट द एंड ऑफ द डे’ (शेवटी, सरतेशेवटी) यासारखे साधे दिसणारे प्रयोग बातम्यांत आणि संभाषणांत वारंवार येतात. म्हणून हिंदीभाषकाने वर्णमालेचा क्रम सोडून द्यावा, रोजच्या इंग्रजी वर्तमानपत्रात प्रत्यक्ष आढळलेले वाक्प्रचार वाक्यासह वहीत उतरवावेत आणि प्रत्येकासमोर हिंदीतील सर्वांत जवळचा वाक्प्रचार लिहून त्याच्याखाली दोहोंमध्ये नेमका फरक कोणता, हेही लिहून ठेवावे.