डिसेंबरच्या पार्ट्या आणि थकलेले कान

मागच्या वर्षी ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत एक सहकारी बराच वेळ माझ्याशी बोलत होती. हॉल गच्च भरलेला, फरशी गुळगुळीत, एका बाजूला भिंतभर काच आणि कोपऱ्यात गाणी चालू. तिचे ओठ हलताना दिसत होते, अधूनमधून एखादा शब्द कानावर पडत होता आणि मधल्या रिकाम्या जागा मी अंदाजाने भरत होतो. ती काहीतरी गमतीचं सांगते आहे असं वाटून मी हसलो. दुसऱ्या दिवशी कळलं, ती वडिलांच्या ऑपरेशनबद्दल सांगत होती.

मी तिची माफी मागितली आणि तिने समजून घेतलं. पण ती गोष्ट मनातून जाईना. त्या रात्री घरी आलो तेव्हा अंगातलं त्राण गेलं होतं. दोन तास नुसता उभा राहून गप्पा मारणारा माणूस इतका कशाने दमतो? आपण माणूसघाणे आहोत असा याचा अर्थ बरेच जण लावून घेतात. मला वाटतं, यातला मोठा वाटा स्वभावाचा नाही, ऐकण्याच्या कष्टांचा आहे.

सुरुवात हॉलमधल्या गलक्यापासून करू. पॅरिसमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी 1911 मध्ये एक निरीक्षण मांडलं. माणूस बोलत असताना त्याच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज आपोआप चढतो, आणि गोंगाट थांबला की पुन्हा खाली येतो. बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. बहिरेपणाचं सोंग आणणाऱ्यांना ओळखण्यासाठी ही युक्ती वापरली गेली, कारण ऐकू येत असेल तर आवाज चढणारच. पुढे हाच परिणाम पक्षी, वटवाघळं आणि देवमाशांमध्येही सापडला. म्हणजे पार्टीत ओरडून बोलणाऱ्यांना असभ्य म्हणण्यात अर्थ नाही. त्यांचा मेंदू त्यांना न विचारताच आवाज वाढवतो.

आता अशी पन्नास-साठ माणसं एका खोलीत आणा. प्रत्येकाचा आवाज हा बाकीच्यांसाठी गोंगाट. एकाने आवाज चढवला की शेजारच्याला चढवावा लागतो आणि मग पहिल्याला आणखी. विल्यम मॅक्लीन यांनी 1959 मध्ये ध्वनिशास्त्राच्या एका नियतकालिकात याचं चक्क गणित मांडलं. खोलीचा आकार आणि आवाज शोषून घेण्याची तिची क्षमता ठरलेली असेल, तर शांत पार्टीत किती पाहुणे मावतील यालाही मर्यादा असते. तेवढ्या संख्येपर्यंत सगळं सुखरूप चालतं. ती ओलांडली की पार्टी हळूहळू नाही, एकदम गोंगाटी होते. आधी सगळे आवाज चढवतात. घशाची मर्यादा आली की मग एकमेकांच्या जवळ सरकतात. रात्र चढत जाते तशी माणसं डोक्याला डोकं लावून, एकमेकांच्या कानाशी बोलताना का दिसतात, ते इथे कळतं.

डेसिबल, म्हणजे आवाज मोजण्याचं एकक, हे मोजमापही थोडं समजून घ्यायला हवं, कारण ते सरळ रेषेत चालत नाही. हातभर अंतरावरून चाललेलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं. त्यात 10 डेसिबलची भर पडली म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट झाली, आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो. बोलणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली आणि प्रत्येक जण आधीच्याच पट्टीत बोलत राहिला, तर भर पडते फक्त 3 डेसिबलची. पण तसं कोणी बोलत राहत नाही. प्रत्येकाची पट्टी वर गेलेली असते.

खोलीचा दोषही कमी नसतो. हार्वर्डमध्ये नव्याने बांधलेल्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कोणालाच कळेना, तेव्हा 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आलं. तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे वक्त्याचं एक वाक्य संपायच्या आत मागची कितीतरी अक्षरं हवेतच असायची. सॅबिन रात्री जवळच्या नाट्यगृहातून खुर्च्यांवरच्या गाद्या आणायचा, खोलीत मांडायचा आणि ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. या कष्टातूनच सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचं पायाभूत सूत्र निघालं. काच, फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज परत फेकतात. पडदे, गालिचे आणि माणसांच्या अंगावरचे कपडे तो पिऊन टाकतात. पार्टीसाठी जागा शोधताना जेवण, भाडं, पार्किंग सगळं पाहिलं जातं. हॉलमध्ये उभं राहून एकदा टाळी वाजवून कोणी पाहत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एवढ्या कल्लोळातही समोरच्याचं बरंचसं कळतं, हे नवल आहे. कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये यावर जे प्रयोग केले, त्यांची सोपी मांडणी मला फार आवडते. दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवायची आणि त्यातलं एक ऐकता ऐकता मोठ्याने म्हणायला सांगायचं. लोकांना ते जमलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं असं विचारल्यावर मात्र त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला, हे लक्षात यायचं. मधेच इंग्रजी थांबून जर्मन सुरू झाली, हे यायचं नाही. पुढे 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. चार टेबलं पलीकडे कोणी आपलं नाव घेतलं की मान वळते, ती अशी.

यात एक बारकावा आहे. 2001 मधल्या एका प्रयोगात दिसलं की ज्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातलं काम डोक्यात धरून ठेवण्याची ताकद, कमी होती, त्यांच्यापैकी 65 टक्क्यांना ते नाव ऐकू आलं. ज्यांची जास्त होती त्यांच्यापैकी फक्त 20 टक्क्यांना. म्हणजे नको ते ऐकू न येणं हे फुकटात होत नाही, मेंदू त्यासाठी राबत असतो. 2012 मध्ये नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी तर मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना एकाच वेळी दोन माणसांचं बोलणं ऐकवलं आणि श्रवणकेंद्रातले संदेश वाचले. ज्याच्याकडे लक्ष होतं, त्याचंच बोलणं तिथे उमटलेलं होतं. दुसरा माणूस जणू खोलीत नव्हताच.

या कामात दोन्ही कानांची जोडी लागते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोहोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. डोळेही कान होतात. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर गोंगाटात शब्द कितीतरी जास्त कळतात, हे 1954 पासून माहीत आहे. म्हणून मंद उजेड दिसायला छान असला तरी ऐकण्याच्या मुळावर येतो.

हे सगळं करताना डोळ्याची बाहुली मोठी होते. अवघड गणित सोडवतानाही ती अशीच मोठी होते, म्हणून ऐकण्याचे कष्ट मोजायला संशोधक बाहुलीचा व्यास पाहतात. आवाज आणि गोंगाट यांतलं अंतर कमी होत जातं तसा तो वाढतो. अर्धवट ऐकलेलं वाक्य डोक्यात धरायचं, पुढच्या शब्दांवरून मागचे हुडकायचे, त्याच वेळी चेहऱ्यावर योग्य भाव ठेवायचा आणि उत्तरही जुळवायचं. कानात प्राण आणून ऐकणं म्हणतात ते हेच, आणि पार्टीत ते सलग दोन-तीन तास चालतं.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ही शर्यत सुरुवातीलाच अर्धी हरलेली असते. श्रवणयंत्र हवं ते बोलणं वाढवतं, पण बरोबर गोंगाटही वाढवतं. जी भाषा आपली नाही तिच्यात गप्पा मारणाऱ्यालाही अंदाज बांधायला आधार कमी मिळतो. टीममधला एखादा माणूस दरवर्षी लवकर निघत असेल तर तो तुसडा आहे असं ठरवण्याआधी हे आठवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कानांची झीज हा यातला आणखी गंभीर भाग. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतात आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. हिशोब केला तर 94 ला एक तास, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. 2009 मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांनी त्यांची श्रवण-तपासणी पूर्ववत आली, पण आतल्या काही पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळपास निम्मे दुवे कायमचे तुटले होते. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. तरीही पार्टीनंतर कानात शीळ वाजत राहिली तर ‘सकाळी जाईल’ म्हणून सोडून देणं मी बंद केलं आहे.

एक पार्टी पचते. डिसेंबरात मात्र ऑफिसची झाली की टीमची, मग जुन्या ऑफिसवाल्यांची, मग मित्रांची, शेजाऱ्यांची, आणि वर्षअखेरची वेगळीच. फिनलंडमध्ये काही विद्यार्थ्यांकडून दिवसातून अनेकदा नोंदी घेतल्या, तेव्हा लोकांत मिसळताना त्यांना बरं वाटत होतं आणि साधारण तीन तासांनी थकवा येत होता. हे बडबड्या स्वभावाच्या मुलांनाही तसंच लागू होतं. वर रात्री उशिरा झोपून सकाळी ठरल्या वेळी उठायचं, म्हणजे भरपाईला झोपही नाही.

गप्पांचा घोळका किती मोठा असावा याचंही एक नैसर्गिक माप आहे. रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार एका संवादात साधारण चार माणसं टिकतात. पाचवा आला की गट फुटायला लागतो.

यंदा आमच्या पार्टीत मी आयोजकांना गाण्यांचा आवाज कमी करायची विनंती केली आणि त्यांनी ती लगेच मानली. तरी तासाभरात हॉल भरला, आवाज चढत गेला. ती सहकारी दिसली तेव्हा मी तिला विचारलं, बाहेर पॅसेजमध्ये बोलूया का? दार लोटून घेतल्यावर आम्ही दोघंही नकळत एकदम हळू बोलायला लागलो. वडील आता रोज सकाळी चालायला जातात, तिने सांगितलं. या वेळी मला प्रत्येक शब्द ऐकू आला.